सरकारी बंदूक, आदिवासी खांदा

१८७८ साली हिंदुस्थान सरकारने शस्त्रांचा कायदा केला, तेव्हा ‘शस्त्र’ या शब्दाचा अर्थ सांगताना बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर आणि भाले यांच्या पंक्तीला धनुष्यबाणही बसवले. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतला हा कायदा सुशिक्षितांच्या पहिल्या पिढीला फार झोंबला. युरोपियन माणसाला परवान्याची माफी आणि हिंदी माणसाला मात्र परवान्याची सक्ती, हा भेद त्यांना अपमानास्पद वाटे आणि तो तसा होताही. आपल्या शालेय इतिहासात हा कायदा येतो तो याच अन्यायाचे उदाहरण म्हणून. धनुष्यबाणाच्या उल्लेखाकडे मात्र फारसे कुणी वळून पाहत नाही. पुण्यामुंबईच्या वकिलाला धनुष्याचा परवाना मागण्याची वेळ येणार नव्हती. ज्याच्यावर ती येऊ शकत होती तो सातपुड्यात आणि विंध्याच्या उतरणीवर राहत होता, आणि निषेधाचे अर्ज लिहिणाऱ्यांत त्याचा समावेश नव्हता.

आम्ही उज्जैनचे मराठी लोक या गोष्टीकडे थोडे बाजूने पाहतो. आमचे शहर शिंद्यांच्या संस्थानातले. इंग्रजी मुलखातला कायदा येथे जसाच्या तसा लागू नव्हता. पण येथून बडनगर-बदनावरच्या वाटेने पश्चिमेला निघाले की धार, झाबुआ, अलीराजपूर हा भिल्ल-भिलालांचा मुलूख लागतो. शहरातील इमारतींचे पाये त्या मुलखातून आलेल्या हातांनी खणलेले आहेत. त्याच वाटेवर, धार जिल्ह्यात, सरदारपूर नावाचे गाव आहे. आज ते तहसिलीचे एक साधे ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र येथे माळवा भिल्ल पलटणीची छावणी होती. ज्या सरकारने भिल्लाच्या खांद्यावरचे धनुष्य शस्त्रांच्या यादीत घातले, त्याच सरकारने त्याच्या दुसऱ्या खांद्यावर स्वतःची बंदूक दिली होती. आदिवासी पोलिसाला कायद्याने समान वागणूक मिळते काय, हा प्रश्न अलीकडे न्यायालयांतून चर्चिला गेला असला तरी त्याचे मूळ आम्हाला या छावणीत दिसते.

या पलटणींची सुरुवात खानदेशातली. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला. डोंगरातल्या भिल्ल नाईकांना नुसत्या फौजेने वाकवता येत नाही, हे काही वर्षांच्या मोहिमांनंतर सरकारला उमगले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या मुंबई सरकारने १८२५ साली जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्यावर भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम सोपवले आणि त्याने धरणगावी तळ देऊन मूठभर माणसांपासून ती उभी केली. पुढे मेवाडात खैरवाड्याला आणि माळव्यात सरदारपूरला याच नमुन्यावर पलटणी झाल्या. आउट्रमविषयी इंग्रजांनी लिहिलेल्या मजकुरात त्याच्या धाडसाचे पोवाडे पुष्कळ आहेत. तो पहारा न ठेवता भिल्लांमध्ये निजे वगैरे. आम्हाला त्याहून दुसरी एक हकिकत महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या काळात ही पलटण मालेगावच्या छावणीत गेली असता तेथील नियमित पलटणीच्या उच्चवर्णीय शिपायांनी भिल्ल शिपायांची भेट घेऊन त्यांना पानसुपारी दिली, अशी ती हकिकत. ज्या माणसाची सावली गावात नको असे, त्याला गणवेशामुळे पान मिळाले. ही गोष्ट लहान नव्हे. त्या दिवशी त्या भिल्ल शिपायाला काय वाटले असेल, हे कोणत्याही दप्तरात नाही.

पण हा सन्मान गणवेशाला होता आणि गणवेशाबरोबर तो परतही घेता येत असे. खाज्या नाईक हे याचे उदाहरण. मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटाची राखण हे त्याचे काम; बापाकडून आलेले आणि सरकारने पगार देऊन कायम केलेले. आजच्या भाषेत तो पोलीसच होता. त्याच्या ताब्यातला एक माणूस मेला आणि त्याबद्दल त्याला कैद झाली. काही वर्षांनी सुटका झाल्यावर १८५७ च्या धामधुमीत गरज लागली तेव्हा सरकारने त्याला पुन्हा कामावर घेतले. तो थोड्याच दिवसांत उलटला, भीमा नाईकाच्या जोडीने त्याने सरकारी खजिना लुटला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्या अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्यावर चालून गेलेल्या सरकारी फौजेत भिल्ल पलटणीचे शिपाईही होते. १८६० साली खाज्या नाईक दग्याने मारला गेला.

१७ नोव्हेंबर १९१३ रोजी राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील मानगडच्या टेकडीवर गोविंद गुरूंचे भिल्ल अनुयायी जमले होते. त्यांच्यावर ज्या फौजांनी गोळीबार केला त्यांत मेवाड भिल्ल पलटण होती. मृतांचा आकडा लोकस्मृतीत दीड हजार आहे, सरकारी कागदांत तो फार कमी आहे. आम्ही या प्रसंगावर नेहमी अडखळतो. भिल्लाने भिल्लावर गोळी झाडली, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आणि तसे म्हणताना हुकूम कोणी दिला, हे वाक्यातून अलगद गळून पडते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्रकायदा आला. १८७८ च्या मानाने तो पुष्कळच सुसंस्कृत आहे. त्यात परवान्याची सक्ती मुख्यतः बंदुकांपुरती आहे. धारदार किंवा इतर शस्त्रांना परवाना हवा असेल तर केंद्र सरकारने त्या भागापुरती तशी अधिसूचना काढावी लागते. धनुष्य परत भिंतीवरच्या खुंटीला गेले. या कायद्यात समतेच्या दृष्टीने दोन कलमे फार बोलकी आहेत. कलम ४१ अन्वये सरकार लोकहितार्थ एखाद्या वर्गाला कायद्यातून सूट देऊ शकते. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यातील कोडव वंशाच्या लोकांना आणि तेथील जम्मा जमीनधारकांना अशी सूट आहे. तिची परंपरा १८६१ पर्यंत मागे जाते, २०१९ साली ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवण्यात आली आणि २०२१ साली कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. म्हणजे एखाद्या समाजाचे शस्त्राशी असलेले पूर्वापार नाते आपला कायदा ओळखू शकतो. ते कुणाचे ओळखायचे, हे मात्र ज्याने राज्यकर्त्याला पूर्वी मदत केली आणि ज्याने त्रास दिला यावर बरेच अवलंबून राहिलेले दिसते.

दुसरे कलम ४५. सरकारी नोकराने आपले कर्तव्य बजावताना बाळगलेल्या शस्त्राला हा कायदा लागू होत नाही. पोलिसाची बंदूक परवान्यावर चालत नाही, ती हुद्द्यावर चालते. आणि हुद्दा संपतो तिथे, म्हणजे पाळी संपवून शस्त्रागारात बंदूक जमा केली की, ती त्याची राहत नाही. शहरी पोलिसाला याचे काही वाटत नाही. तो सायकल किंवा मोटारसायकल काढून घरी जातो.

श्रावणातल्या सोमवारी महाकाळाची पालखी निघते तेव्हा मंदिराच्या दारात सशस्त्र पोलीस दलाची तुकडी देवाला मानवंदना देते. बंदुका एका लयीत सलामीला येतात, आणि उज्जैनचा माणूस कितीही नास्तिक असला तरी त्या क्षणी थांबतो. पालखी पुढे बक्षी बाजाराकडे सरकली की बंदोबस्तातले शिपाई घरांच्या ओट्यांवर टेकतात आणि घराघरांतून पाण्याचे तांबे येतात. एका वर्षी आमच्या ओट्यावर बसलेला जवान अलीराजपूरकडचा निघाला. भिलाला होता. बोलता बोलता त्याला गावाबद्दल विचारले. तो म्हणाला, “बाबूजी, गावी गेलो की मी वडिलांचा मुलगा. वर्दी पेटीत असते. बापाचे तीरकमान खुंटीला आहे, तेवढेच घरातले हत्यार.” आणि हसून त्याने पुढे सांगितले की त्याच्या भागात काही भीती नाही, पण त्याच्या ओळखीचा एक जण बस्तरात नोकरीला आहे, तो दोन वर्षांत गावी गेलेला नाही. का, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती. गडचिरोलीत आणि बस्तरात रजेवर घरी आलेल्या किंवा आठवडे बाजारात साध्या कपड्यांत गेलेल्या पोलिसांना माओवाद्यांनी गाठून मारल्याच्या बातम्या आपण इतकी वर्षे वाचत आलो आहोत. मुंबईच्या शिपायाचे घर ड्युटीच्या बाहेर असते, गोंड शिपायाचे घर रणभूमीच्या आत. कायदा दोघांकडून बंदूक एकाच वेळी जमा करून घेतो.

समतेचा प्रश्न सर्वांत धारदार होऊन उभा राहिला तो छत्तीसगडात. २००५ साली दंतेवाड्यात सलवा जुडूम सुरू झाले आणि त्याच्या पाठोपाठ आदिवासी तरुणांची ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून भरती होऊ लागली. या नावात ‘अधिकारी’ हा शब्द आहे हे लक्षात ठेवावे. अशा नेमणुकीची कल्पना १८६१ च्या पोलीस कायद्यातली. दंगा किंवा शांतताभंग झाला आणि नेहमीचे पोलीस अपुरे पडले तर दंडाधिकाऱ्याने परिसरातल्या रहिवाशांना तात्पुरते पोलीस नेमावे. त्यांना नेहमीच्या पोलिसांचे सर्व अधिकार आणि संरक्षण मिळावे, सर्व जबाबदाऱ्या आणि शिक्षाही लागू व्हाव्यात, आणि काम नाकारल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड व्हावा. आठवड्याभराच्या दंग्यासाठी गावातल्या चार पोक्त माणसांना हाती काठी देऊन उभे करण्याची ही सोय होती. छत्तीसगडने २००७ साली स्वतःचा पोलीस कायदा केला, त्यात हे पद कायम ठेवले आणि या सोयीवर जंगलातले युद्ध चालवले.

समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर, इतिहासकार रामचंद्र गुहा आणि निवृत्त सनदी अधिकारी ई. ए. एस. सरमा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी आणि एस. एस. निज्जर यांनी ५ जुलै २०११ रोजी निकाल दिला. त्यात या नोकरीचा तपशील आहे, आणि आमच्या मते त्या निकालाचे खरे बळ त्या तपशिलातच आहे. पाचवी शिकलेला असला तरी चाले. प्रशिक्षण दोन महिन्यांचे. तेवढ्यात बंदूक चालवणे आले, कायदा आला, मानवी हक्क आले आणि न्यायवैद्यकही आले. वेतन नव्हे तर मानधन, महिना तीन हजार रुपये. संख्या वाढत साडेसहा हजारांपर्यंत गेली. कर्तव्य बजावताना १७३ जण मारले गेल्याचे राज्य सरकारनेच न्यायालयाला सांगितले. सरकारचा युक्तिवाद असा की हे तरुण स्थानिक आहेत, भाषा आणि वाटा जाणतात, माओवाद्यांनी पोळलेले असल्याने स्वेच्छेने येतात, आणि त्यांना बंदूक दिली जाते ती त्यांच्याच रक्षणासाठी.

न्यायालयाने हा युक्तिवाद राज्यघटनेच्या चौदाव्या कलमावर, म्हणजे समतेच्या कलमावर घासून पाहिला. वरवर पाहता येथे समता होती: धोका सारखा, शत्रू सारखा, बंदूकही बऱ्याच अंशी सारखी. न्यायालयाने म्हटले त्याचा भावार्थ असा की ज्याला शिक्षण दिले नाही, पुरते प्रशिक्षण दिले नाही आणि पगारही दिला नाही त्याला तयार सैनिकाइतक्याच धोक्यात उभे करणे, हीच विषमता आहे; असमानांना समान लेखणे हा समतेचा भंग आहे. एकविसाव्या कलमाने दिलेला जगण्याचा हक्कही त्यात मोडतो. न्यायालयाने या तरुणांना माओवाद्यांविरुद्धच्या मोहिमांत वापरण्यास मनाई केली आणि त्यांना दिलेल्या बंदुका परत घेण्याचा आदेश दिला.

बंदुका परत घेणे! निकालपत्राचा हा भाग वाचताना छातीत काहीतरी हलते. जो मुलगा पाच-सहा वर्षे आपल्याच खोऱ्यात पोलिसांचा वाटाड्या म्हणून ओळखला गेला, ज्याचे नाव माओवाद्यांच्या यादीत गेले, त्याच्या हातून बंदूक काढून त्याला कोठे पाठवायचे? न्यायालयाला हे दिसत होते. बंदूक हाच आपला एकमेव आधार असे वाटून हे तरुण ती परत द्यायला नकार देतील आणि हत्यारबंद टोळ्या होऊन फिरतील, अशी भीती त्याने निकालातच नोंदवली आणि माजी विशेष पोलीस अधिकाऱ्यांच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली. तरीही आम्हाला वाटते, निकाल योग्यच होता. शस्त्र देणे हा सन्मान आहे असे आपण मानत आलो. ते शस्त्र देऊन सरकारने स्वतःची जबाबदारी उतरवून ठेवली होती, आणि हे एकदा कुणीतरी अधिकृतपणे म्हणणे आवश्यक होते.

राज्य सरकारने मग काय केले? काही आठवड्यांतच अध्यादेश काढून ‘सहायक सशस्त्र पोलीस दल’ निर्माण केले आणि याच तरुणांना त्यात सामावून घेण्याची वाट केली. याचिकाकर्त्यांनी हा न्यायालयाचा अवमान असल्याचे म्हटले. ते प्रकरण मे २०२५ मध्ये निकाली निघाले. विधिमंडळाने कायदा करणे हा अवमान होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्याला चौदा वर्षे लागली. दरम्यान बस्तरात जिल्हा राखीव दल मोठे झाले. त्यात स्थानिक तरुण आहेत आणि शरण आलेले माओवादीही आहेत. २६ एप्रिल २०२३ रोजी दंतेवाड्यात अरणपूरजवळ सुरुंगाने त्यांचे दहा जवान आणि गाडीचा चालक गेला. ६ जानेवारी २०२५ रोजी बिजापूर जिल्ह्यात पुन्हा तसेच, आठ जवान आणि चालक.

आपल्या महाराष्ट्राने वाट थोडी वेगळी धरली होती, आणि हे सांगताना आम्ही मराठीपणाचा अभिमान मिरवत नाही. गडचिरोलीत १९९० च्या डिसेंबरात तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या पुढाकाराने स्थानिक तरुणांतून साठ जणांचे पथक उभे राहिले. तेच पुढे सी-६० या नावाने ओळखले गेले. हे जवान नियमित पोलीस भरतीतून आलेले शिपाई. त्यांचे सेवापुस्तक असते, बढती असते, हजारीबाग किंवा मानेसरसारख्या ठिकाणी प्रशिक्षण असते, मृत्यूनंतर कुटुंबाला निवृत्तिवेतन असते. या पथकावर अतिरेकाचे आरोप झाले आहेत आणि त्यांची चौकशी मागणाऱ्यांना देशद्रोही म्हणण्याचे कारण नाही. पण गोंड किंवा माडिया तरुणाला येथे निदान ‘शिपाई’ हे खरे नाव मिळाले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक मारले गेले तेव्हा त्यांच्या मुलाबाळांना आपले वडील पोलीस होते की नाही, हे न्यायालयात सिद्ध करावे लागले नाही.

अमेरिकेत हा प्रश्न अगदी उलट्या अंगाने येतो. तेथील मूळनिवासी जमातींची स्वतःची सरकारे आहेत आणि स्वतःची पोलीस खाती आहेत. नावाहो राष्ट्राचे पोलीस खाते चांगलेच मोठे आहे. मशीनगनसारख्या शस्त्रांवर १९३४ आणि १९८६ साली जे केंद्रीय कायदे झाले त्यांत पोलिसांसाठी सवलत आहे, पण ती संघराज्य, राज्ये आणि त्यांचे उपविभाग यांच्या नावाने आहे. जमातींच्या सरकारांचे नाव त्या यादीत नाही. शेजारच्या काउंटीच्या शेरीफला जे सरळ मिळते त्यासाठी जमातीच्या पोलीस प्रमुखाला आडवाटा शोधाव्या लागतात. त्यांचे म्हणणे एवढेच की आम्हालाही सरकार समजा. त्यांच्याकडे सत्ता आहे आणि बंदुकीची वाट अडलेली आहे. आमच्याकडे बंदूक आधी येते. सत्तेची गोष्ट कुणी काढत नाही.

तशी आपल्या राज्यघटनेत ती एका ठिकाणी आहे. सहाव्या अनुसूचीत ईशान्येकडील स्वायत्त जिल्हा परिषदांना गावपोलिसांसंबंधी कायदे करण्याचा अधिकार आहे. मध्य भारतातला आदिवासी पाचव्या अनुसूचीत येतो आणि तिथे तो नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला बरेच काही दिले, पोलीस दिले नाहीत. मध्य प्रदेशने नोव्हेंबर २०२२ मध्ये पेसाचे नियम केले, त्यांत ग्रामसभेची शांतता व तंटा निवारण समिती आहे आणि गावातल्या गुन्ह्याची खबर पोलिसांनी तिला द्यावी अशी तरतूद आहे. झाबुआ-अलीराजपूरकडे ती किती पाळली जाते, हे एखाद्या तरुण अभ्यासकाने गावोगाव हिंडून पाहण्यासारखे आहे.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती गडचिरोलीत साठ साथीदारांसह शरण आला. केंद्र सरकारने या चळवळीच्या अंतासाठी मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. युद्ध विझू लागले की त्यासाठी उभारलेल्या पलटणींचे काय होते, याचे जुने दाखले आमच्यापाशी आहेत. खानदेशची भिल्ल पलटण १८९१ साली पोलिसांत विलीन झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी सरदारपूरची पलटण सशस्त्र पोलीस होऊन इंदूरला गेली. बस्तरात आज बंदूक धरलेल्या मुलांमध्ये काही एकेकाळचे विशेष पोलीस अधिकारी आहेत, काही एकेकाळी दुसऱ्या बाजूने लढलेले आहेत. पुष्कळांनी गाव सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस वसाहतीत संसार मांडला आहे. त्यांना गावी जायचे आहे. आणि गावात ज्यांची घरे त्यांच्या किंवा त्यांच्या साथीदारांच्या हातून जळली, ती माणसेही तिथेच राहतात.